चला वणीला... पण आधी पाणी बघा!

सबमिशन संपलं, व्हायव्हा आटोपली, की हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीतून एकच वाक्य ऐकू येतं, "चल ना, कुठेतरी जाऊया!" आता हे 'कुठेतरी' नावाचं गाव कुठल्याच नकाशावर नसतं. त्यामुळे दहापैकी नऊ बेत मेसच्या टेबलावरच संपतात. आमचा बेत दहावा होता. तो तडीस गेला, आणि असा काही गेला की आमच्या सहा जणींमुळे पूर्ण विंगची शनिवार-रविवारची परवानगी दोन महिने बंद झाली! ज्या मैत्रिणींनी काहीही न करता ही शिक्षा भोगली त्यांची जाहीर माफी मागावी आणि पुढच्या बॅचला तरी शहाणपण यावं, म्हणून हा लेखप्रपंच. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सरांनी काढल्या आहेत, उरलेल्या तुम्ही पोटात घाला.)

झालं असं की...

कोणीतरी मोबाईलवर एक फोटो दाखवला. मागे हिरवेगार डोंगर, पुढे काठोकाठ पाणी, वर ढग. खाली लिहिलेलं, 'नाशिकपासून तासाभरावर, वणी'. झालं! सहा जणी तयार. आमच्यातल्या एकीचं घर त्याच भागातलं, दिंडोरी तालुक्यात. ती हळूच म्हणाली, "आत्ता मे महिन्यात नको गं, दिवाळीच्या आधी जाऊ." पण ऐकतंय कोण? पेपर मेमध्ये संपले होते ना!

पोचलो तर काय, फोटोतले डोंगर होते, पण हिरवे नव्हते. आणि पाण्याच्या जागी भेगाळलेली काळी जमीन. मधोमध, लांबवर, एक डबकं चमकत होतं. मैत्रिणीचे वडील आम्हाला घ्यायला आले होते. मी अगदी भाबडेपणाने विचारलं, "काका, तळं कुठे आहे?"

काका हसले. म्हणाले, "पाणी पाह्यला आल्या का पोरींनो? पाणी तर कामाला गेलं!"

त्या वेळी आम्ही विनोद म्हणून हसलो. माझी मैत्रीण मात्र हसली नाही. संध्याकाळी तिच्या घरी चहा घेताना कळलं, की त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. उन्हाळ्यात उरलेलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवलं, शेतीला मिळालं नाही, आणि काकांनी उभे टोमॅटो उपटून टाकले. पिण्याचं पाणी आधी, हे काकांनाही मान्यच होतं. पण ज्या घराचं पीक पाण्यावाचून गेलं, त्याच घरात बसून आम्ही "फोटोत तर पाणी होतं" अशी तक्रार करत होतो. आजही आठवलं की कसंतरीच होतं.

बोलण्याच्या नादात शेवटची बस गेली. अंधारात फाट्यावर उभ्या राहिलो. शेवटी काकांनी ओळखीच्या पिकअपमधून दिंडोरीपर्यंत सोडलं, तिथून दुसरी गाडी. हॉस्टेलच्या गेटवर पोचलो तेव्हा सव्वादहा वाजले होते. गेटची वेळ आठ. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

आता मुद्द्याचं. या फजितीतून जे शिकलो ते क्रमाने सांगते.

वणी म्हणजे नक्की कोणती?

पहिला गोंधळ इथेच होतो. नकाशावर 'वणी' टाकलं की कधी कधी यवतमाळ जिल्ह्यातली, कोळशाच्या खाणींची वणी समोर येते. ती नव्हे! आपली वणी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात. नाशिकहून उत्तरेला सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. हाच रस्ता पुढे सापुताऱ्यावरून गुजरातेत उतरतो.

दुसरा गोंधळ देवीचा. 'वणीची देवी' म्हणून आपण जिला ओळखतो ती सप्तशृंगी माता वणी गावात नाहीच. गावात जगदंबा मातेचं मंदिर आहे, तेही मोठ्या मानाचं. सप्तशृंगीचा गड मात्र कळवण तालुक्यात. वणीहून आधी पायथ्याचं नांदुरी गाव आणि तिथून सुमारे दहा किलोमीटरचा घाट. 'वणीला उतरलो की चालत दर्शन घेऊ' असं ठरवून येणारे कायम असतात. आमच्यात दोघी होत्या.

तिसरा गोंधळ तळ्याचा, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा.

ते तळं नाही, धरण आहे

नाशिकहून वणीला जाताना गावाच्या थोडं अलीकडे जे पाणी दिसतं ते ओझरखेड धरण. उनंदा नदीवर बांधलेलं मातीचं धरण. ही उनंदा पुढे कादवेला मिळते आणि कादवा नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीला. दिंडोरी तालुक्यात अशी धरणं एक-दोन नाहीत. करंजवण, वाघाड, पुणेगाव, तिसगाव, पालखेड... नावं घेता घेता श्वास संपेल. या सगळ्यांना मिळून पालखेड धरण समूह म्हणतात. इथलं पाणी पाटाने निफाड, येवल्याकडे जातं, मनमाडच्या नळाला जातं. ओझरखेडवर चांदवड तालुक्यातल्या गावांची पिण्याची योजना आहे.

आता थोडं गणित, इंजिनीअरिंगचं मासिक आहे म्हणून! ओझरखेडची साठवण क्षमता २१३० दशलक्ष घनफूट. पेपरात 'दलघफू' छापतात ते हेच. आकडा वाचून काही बोध होत नाही ना? मलाही झाला नव्हता. एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. म्हणजे हे झालं सुमारे ६०३० कोटी लिटर. आपल्या गच्चीवर समजा दहा हजार लिटरची टाकी आहे, तर अशा साठ लाख टाक्या! आणि शेजारचं करंजवण याच्या अडीचपट मोठं आहे, ५३७१ दलघफू.

मग एवढं पाणी जातं कुठे? याचं उत्तर 'आवर्तन' या शब्दात आहे. खरं सांगते, आवर्तन म्हणजे गणपतीत अथर्वशीर्षाची करतात ती, एवढंच मला माहीत होतं. काका म्हणाले, "दोन आवर्तनं झाली, तिसरं मिळालं नाही," तेव्हा मला वाटलं घरात काही पूजा होती! आमच्या सिव्हिलवालीने मग डोक्याला हात लावून समजावलं. धरणातलं पाणी रोज थोडं थोडं सोडत नाहीत. ठरलेल्या तारखांना पाट सुरू करतात, काही दिवस चालवतात, बंद करतात. पाटातून चारीत, चारीतून शेतात. अशी एक पाळी म्हणजे एक आवर्तन. पावसाळ्यात धरण भरतं, रब्बीची आवर्तनं सुरू झाली की पातळी पायरीपायरीने उतरते, उन्हाळ्यात शेवटची पाळी. मेअखेर जे उरतं ते तळाशी. म्हणजे रिकामं धरण हे बिघडलेलं तळं नव्हे, ते काम पूर्ण केलेलं धरण आहे. काकांचं वाक्य आत्ता कुठे डोक्यात शिरलं.

याच तालुक्यातल्या वाघाड धरणाची गोष्ट तर आपल्या सिलॅबसमध्ये हवी. तिथे पाटाच्या शेपटाकडच्या गावांना पाणी पोचतच नव्हतं. १९९० च्या दशकात ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, मोजून पैसे भरायचे आणि वाटप आपसात करायचं. पुढे पूर्ण प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हातात आलं. २००५ साली महाराष्ट्राने सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला, त्याआधीच ही माणसं ते करून दाखवत होती. काठावर उभं राहून नुसता सेल्फी काढणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ठाऊक असलेलं बरं.

मग जायचं कधी?

हे कळलं की उत्तर सोपं आहे.

जुलै-ऑगस्ट : डोंगर हिरवे, धबधबे जोरात. पण धरण भरत असतं, काठ चिखलाचा, घाटात धुकं. शनिवारी पावसाने धरलं तर रविवारपर्यंत खोलीतच.

सप्टेंबरअखेर ते डिसेंबर : आमच्या मते सगळ्यात उत्तम. पाऊस बरा झाला असेल तर धरण भरलेलं, हवा छान, डोंगर अजून हिरवे. फक्त नवरात्र आणि कोजागरी टाळा (किंवा मुद्दाम त्यासाठीच जा, पण मग गर्दीची तक्रार नको).

जानेवारी ते मार्च : द्राक्षं! दिंडोरी तालुका म्हणजे द्राक्षांचं आगर. ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी होते आणि या महिन्यांत घड तोडणीला येतात. पण तोवर धरण बरंच खाली गेलेलं असतं.

एप्रिल-मे : आमची चूक. करू नका.

इथे एक गंमत लक्षात आली का? भरलेलं पाणी आणि भरलेले घड एकाच ट्रिपमध्ये मिळत नाहीत. कारण तेच पाणी पाटातून जातं, जमिनीत मुरतं, विहिरीत येतं, ठिबकने वेलीच्या मुळाशी पोचतं. धरण जसं उतरतं तसे मळे भरत जातात. म्हणून दोनदा जायला हवं, ऑक्टोबरमध्ये पाणी बघायला आणि फेब्रुवारीत तेच पाणी खायला!

निघण्याआधी एक काम करा. पावसाळ्यात नाशिकचे पेपर धरणांच्या साठ्याचा तक्ता छापतात, ओझरखेड किती टक्के, करंजवण किती टक्के. मेसमधला पेपर क्रीडा पानापासून वाचणाऱ्यांनी जरा आतलं पानही उलटावं. जुन्या फोटोवर विश्वास ठेवू नका, ताज्या टक्केवारीवर ठेवा.

उलटं गणित : आधी परतीची बस

प्लॅन करताना आपण कायम 'किती वाजता निघायचं' इथून सुरुवात करतो. चूक! प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये क्रिटिकल पाथ शिकताना 'बॅकवर्ड पास' करतो ना, शेवटच्या कामापासून मागे येत? तोच इथे वापरा. आमचा दुसऱ्या ट्रिपचा हिशोब असा होता :

गेट बंद आठला. सीबीएसवरून हॉस्टेल पाऊण तास, म्हणजे सव्वासातला सीबीएस. वणी ते नाशिक बसने साधारण दीड तास, म्हणजे वणीहून पावणेसहाची बस ही शेवटची मर्यादा. ती भरलेली आली किंवा आलीच नाही तर? म्हणून एक तास फ्लोट. पावणेपाचला स्टँडवर. काकांच्या घरून स्टँडला अर्धा तास. म्हणजे रविवारी सव्वाचारला पिशवी खांद्यावर, मग सूर्यास्त कितीही सुंदर असो!

हे काही आमचं संशोधन नाही. याच वणी-दिंडोरीच्या मुलखात ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरत दुसऱ्यांदा लुटून परत येत होते आणि दाऊदखानाची मोगली फौज वाट अडवायला आली. महाराजांनी लुटीचा माल पुढे काढून दिला, स्वतः सैन्य घेऊन शत्रूला तोंड दिलं, लढाई जिंकली आणि माल सुखरूप स्वराज्यात पोचला. परतीचा विचार पक्का असला की मोहीम फत्ते होते! आमच्याकडे लूट नव्हती, पण हॉस्टेलचं गेट मोगलांपेक्षा कडक आहे.

एसटीचं म्हणाल तर नाशिकहून वणी आणि गडाकडे बस आहेत. वेळा बदलत असतात, म्हणून जातानाच वणी स्टँडवर उतरून परतीच्या शेवटच्या दोन बस विचारून घ्या आणि वहीत लिहा. भाड्याचे आकडे मुद्दाम देत नाही, तेही बदलतात. पण मुलींना एक आनंदाची गोष्ट, मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. मुलांनी जळू नये.

रस्त्यात खिडकीची जागा मिळाली तर झोपू नका. म्हसरूळला चामर लेणी दिसतात, पुढे डाव्या हाताला रामसेज किल्ला, जो १६८२ पासून मोगलांना वर्षानुवर्षं हाती लागला नव्हता.

आमचे दोन दिवस

परवानगी परत मिळाल्यावर आम्ही ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेलो. त्याच सहा जणी. रेक्टर मॅडमना जाण्यायेण्याच्या वेळा, काकांचा फोन नंबर, सगळं कागदावर लिहून दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "असं लिहून आणलं की सही करायला मलाही बरं वाटतं."

शनिवारी सकाळी थेट गड. देवीची मूर्ती सुमारे आठ फूट उंच, अठरा हातांची, कड्यातच कोरलेली. वर जायला पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. मेकॅनिकलवालीने रांगेतच लेक्चर दिलं : दोन डबे एकाच दोराने जोडलेले, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. त्यामुळे दोन्ही डब्यांचं वजन एकमेकांना तोलतं आणि मोटरला फक्त फरकाचं वजन आणि घर्षण तेवढं ओढावं लागतं. साधी विहिरीच्या रहाटाची युक्ती! आम्ही चढलो पायऱ्यांनी, उतरलो ट्रॉलीने. समोर मार्कंड्या डोंगर उभा असतो, त्याच्याकडे बघत पायऱ्यांवर दम घ्यायचा. जेवण ट्रस्टच्या प्रसादालयात. मुक्काम करायचा असेल तर भक्तनिवासही आहे, फक्त गर्दीच्या दिवसांत आधी विचारा. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खासगी गाड्या वर सोडत नाहीत, नांदुरीहून एसटीच.

आम्ही मुक्कामाला काकांकडे. रात्री नागलीची भाकरी, शेवभाजी, ठेचा. काकूंनी आग्रह करकरून वाढलं. मेसच्या जेवणाबद्दल यापुढे काही बोलायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं (सोमवारपर्यंत टिकलं).

रविवारी पहाटे धरणावर. तोच काठ, जिथे मेमध्ये भेगा होत्या. आता पाणी पार वरपर्यंत, डोंगराची सावली त्यात हलत होती. कोणीच बोलेना. काका म्हणाले, "आता फोटो काढा की!" आणि आम्ही काढला, पण या वेळी काकांना मधे उभं करून.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे त्यांनी सापुताऱ्याला जावं, वणीहून सुमारे चाळीस किलोमीटर. तिथेही तळं आहे, पण ते पर्यटकांसाठी राखलेलं. बोटिंग वगैरे सगळं आहे. ओझरखेडला ते शोधू नका.

हे मात्र करू नका

१. धरणाच्या पाण्यात उतरू नका. पोहता येत असलं तरी नाही. मातीच्या धरणाच्या भरावासाठी बऱ्याचदा जवळपासचीच माती काढलेली असते, त्यामुळे गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल एकदम खोल खड्ड्यात पडू शकतं. शिवाय काठचा गाळ पाय धरून ठेवतो. वरून पाणी शांत दिसतं, म्हणूनच फसायला होतं.

२. सांडवा, दरवाजे आणि पाट ही बसायची जागा नव्हे. आवर्तन सुटलं की कोरडा पाट बघता बघता भरतो.

३. घाटात रात्री बाईक नको, ट्रिपल सीट तर नकोच. जानेवारी २००८ मध्ये गडाच्या घाटात एक खासगी बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक भाविक गेले. घाटात घाई करणाऱ्यांनी हे विसरू नये.

४. मळ्यात विचारल्याशिवाय शिरू नका, घड तोडू नका. विचारलं तर बहुतेक वेळा शेतकरी स्वतःच हातात देतो.

५. पाण्यात रॅपर आणि बाटल्या टाकू नका. ते पाणी कोणाच्या तरी नळाला जातं.

जाता जाता

सव्वाचारला निघालो, सात वाजून चाळीस मिनिटांनी गेटवर. वॉचमन काकांनी घड्याळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे वा!" इंजिनीअरिंगच्या तीन वर्षांत मिळालेलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट!

गेल्या आठवड्यात मैत्रिणीच्या घरून फोन होता. रब्बीचं पहिलं आवर्तन सुटलं, चारीला पाणी आलं. काकांनी तिच्याजवळ आमच्यासाठी निरोप दिलाय, "पोरींना सांग, तळं कमी व्हायला लागलं बरं का!"

आम्ही सगळ्या खोलीत टाळ्या वाजवल्या. मेमध्ये हे ऐकलं असतं तर वाईट वाटलं असतं.

तर मग, पेपर उघडा, टक्केवारी बघा, परतीची बस आधी लिहा... आणि निघा!